डावीकडे मोकळं?

४ जानेवारी, रविवार
मुलगी आणि जावई येऊन गेले. जेवणं झाल्यावर जावयाने गाडीचा विषय काढला. ऑक्टोबरपासून गाडी खाली उभी आहे. बॅटरी बसेल, टायर चपटे होतील, उंदीर वायरी खातील, म्हणाला. सगळं बरोबर आहे. मग म्हणाला, आम्ही घेऊन जातो, नाहीतर गिऱ्हाईक बघतो.
मी म्हटलं, गाडी मी चालवणार आहे.
दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुलगी म्हणाली, बाबा, गाडी आई चालवायची. मी म्हटलं, स्टिअरिंग ती फिरवायची. रस्ता मी बघायचो.
शेवटी ठरलं ते असं. एक मार्चला मी एकट्याने गाडी चालवत त्यांच्याकडे जेवायला जायचं. हायवेने, म्हणजे ट्रकांच्या रस्त्याने, कारण दुसरा रस्ता नाही. पोचलो तर गाडी माझी. नाही पोचलो तर त्यांची. जावई म्हणाला, बाबा, निदान ‘नाही पोचलो’ असं तरी म्हणू नका हो.
दोन महिने म्हणजे भरपूर. एका महिन्यात होईल.
बँकेने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. सरावाच्या नोंदी करीन. फक्त तांत्रिक. बायको गेली त्याबद्दल लिहिणार नाही. तो विषय मी व्यवस्थित हाताळला आहे.

५ जानेवारी, सोमवार
गाडीत बसून पाहिलं. इंजिन चालू केलं नाही. आज फक्त बैठक.
सीट तिच्या उंचीप्रमाणे पार पुढे ओढलेली आहे, वर तिची उशी. माझे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी टोळासारखे वर येतात. डोकं छताला टेकतं. मधल्या आरशात मागची सीट दिसते. डावीकडच्या आरशात मागचं चाक आणि थोडी जमीन.
सीट मागे सरकवायचा दांडा गंजलेला असणार. ओढून पाहिला नाही, पण अंदाज येतो. जबरदस्ती केली तर तुटायचा. आरसे तर तिने बसवलेले, म्हणजे बरोबरच असणार. त्यांना हात लावायचं कारण नाही.
ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलात जातानासुद्धा तीच गाडी चालवत होती. अंगात ताप होता. मी डावीकडे बघत होतो. नंतर गाडी घरी आणायची वेळ आली तेव्हा जावई चावी मागत होता. मी बॅटरी उतरली आहे असं सांगितलं आणि गाडी टो करून आणली. बॅटरी उतरली असावी असा माझा तेव्हा खरोखरच अंदाज होता.

८ जानेवारी, गुरुवार
आज थिअरी. मुख्य प्रश्न ट्रकांचा.
ती ट्रकला ‘मामंजी’ म्हणायची. आमचे वडील, म्हणजे तिचे सासरे, आकाराने मोठे होते. मान वळवायचे नाहीत आणि मागून कोण येतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. ट्रकचंही तसंच, म्हणायची. अगदी मागे चिकटून उभं राहायचं नाही. अंगाशी फार वेळ रेंगाळायचं नाही. पटकन पुढ्यात जाऊन थांबायचं तर मुळीच नाही, कारण त्यांना थांबायला वेळ लागतो. आणि वळायला लागले की सगळं अंगण त्यांचं.
ट्रक दिसला की ती म्हणायची, मामंजी आले, पदर सावरा. पदर कुणाचाच नसायचा. ती पंजाबी ड्रेसमध्ये, मी बुशशर्टमध्ये.
मग लेन बदलायच्या आधी विचारायची, अहो, डावीकडे मोकळं? मी काच खाली करून, मान बाहेर काढून बघायचो आणि सांगायचो. मोकळं, नाहीतर मामंजी आहेत, थांब. एवढ्या वर्षांत गाडीला डावीकडून एक ओरखडा नाही. श्रेय कुणाचं, हे सांगायला नको. उजवी बाजू तिच्याकडे होती, तिथे दोन ओरखडे आहेत.
म्हणजे अवघड अर्धं काम मला येतंच. सोपं अर्धं शिकायचं राहिलं.

११ जानेवारी, रविवार
पहिला सराव. गल्लीच्या टोकापर्यंत.
वाटेत एक ट्रक होता, फरशा उतरवणारा. नियमाप्रमाणे चांगलं अंतर ठेवून मागे थांबलो. तो हलेना. मीही घाई केली नाही. मोठ्या वाहनामागे संयम हाच पहिला धडा. बऱ्याच वेळाने किराणावाला बाहेर आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, साहेब, हा कालपासून उभाय. ड्रायव्हर गावाला गेलाय.
मी म्हटलं, माहीत आहे, सराव चाललाय.
रिव्हर्समध्ये घरापर्यंत आलो. मागे बघण्यासाठी दार उघडून. एकंदरीत समाधानकारक.

१७ जानेवारी, शनिवार
मोटार ट्रेनिंग स्कूलमधल्या बाई आल्या. मुलीने परस्पर लावून दिल्या. वयाने मुलीएवढ्याच. मी म्हटलं, माझं लायसन्स चाळीस वर्षं जुनं आहे आणि त्यावर एकही डाग नाही. त्या म्हणाल्या, काका, न वापरलेल्या ताटालाही डाग नसतो. हे बोलणं मला अनावश्यक वाटलं.
मला आत बसलेलं पाहून म्हणाल्या, तुम्ही गाडी चालवताय की गाडीत लपलाय? सीट मागे घ्या. मी म्हटलं, दांडा गंजलाय. उशी काढा. पाठीचं दुखणं आहे. आरसे तरी लावून घ्या. लावलेले आहेत. कुणासाठी लावलेले आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लावलेले आहेत.
मग त्यांनी आरशांचा विषय सोडला. सगळा वेळ एक हात हँडब्रेकवर ठेवून बसल्या. उतरताना फक्त म्हणाल्या, ट्रकच्या आरशात त्याच्या ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा. हे मला आधीच माहीत होतं. घरात होतंच की कोणी सांगणारं.
पुढच्या शनिवारी येऊ नका असं कळवलं. बाईंचं तंत्र माझ्या तंत्राशी जुळत नाही.

२५ जानेवारी, रविवार
हायवेच्या नाक्यापर्यंत गेलो. नाक्यावर उभा राहून निरीक्षण केलं. ट्रक येत होते, जात होते. दगडांचे, सिमेंटचे, एक नुसत्या खुर्च्यांचा.
पुढे गेलो नाही. धुकं होतं.
घरी आल्यावर चष्मा पुसला. धुकं बरंच कमी झालं.

२ फेब्रुवारी, सोमवार
मुलीचा फोन. प्रगती विचारली. सांगितलं, नियोजनाप्रमाणे. तिने विचारलं, बाबा, नीट जेवता ना? मी तिला टायरमधल्या हवेचा आकडा सांगितला. ती म्हणाली, टायरचं नाही विचारलं. मी म्हटलं, स्टेपनीतही भरली आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
आज प्रत्यक्ष हायवे. सविस्तर लिहितो.
सकाळी लवकर शिरलो. पुढे एक सिमेंटचा ट्रक सापडला. सज्जन. एका लयीत चाललेला. त्याला ओलांडायचं तर उजवीकडे जायचं आणि मग परत डावीकडे यायचं. डावीकडे यायचं तर कोणीतरी सांगायला हवं. सबब ओलांडायचं नाही असं तत्त्व ठरवलं. ट्रकच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून गेलं की आपोआप पोचतो. एवढी सोपी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही.
चांगलं जमलं. तो हळू झाला, मी हळू झालो. तो वळला, मी वळलो. त्याच्यासाठी फाटक उघडलं, मीही आत गेलो. तेव्हा शंका आली.
सिमेंटचा डेपो होता. ट्रक वजनकाट्यावर चढला, वजन झालं, उतरला. माझ्या मागे दुसरा ट्रक लागलेला, त्यामुळे मलाही काट्यावर चढावं लागलं.
काटेवाला खिडकीतून बघत राहिला आणि ओरडला, अरे, साहेब! नोकरीत असताना मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. हा काटा मीच किती वेळा तपासून सील केलेला आहे. तो म्हणाला, काटा बघायला आलात होय? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, पण साहेब, तुम्ही रिटायर झालात ना? मी म्हटलं, काटा थोडाच रिटायर झालाय.
मग उतरून तपासणी केली. सील पाहिलं, प्लॅटफॉर्मच्या फटीत खडी अडकली आहे का पाहिलं. त्याने चहा मागवला. म्हणाला, वहिनीसाहेब नाही आल्या? गाडी नवी घेतली तेव्हा मी आणि बायको गाडीसकट याच काट्यावर चढलो होतो. तिला हौस. आकडा आला तेव्हा ती खिडकीतून त्याला म्हणाली होती, यातलं माझं किती ते कुणाला सांगायचं नाही. त्याच्या ते लक्षात होतं.
मी म्हटलं, नाही आली. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चहात साखर किती, ते विचारलं.
मी परत गाडीत बसल्यावर सवयीने त्याने गाडीच्या वजनाची चिठ्ठी काढली. मालाच्या रकान्यात ‘निरंक’ टाकलं. तेव्हाचा आकडा मला पाठ आहे. आजचा साठ किलोने कमी. माझं वजन तेव्हाएवढंच आहे. उशीही जागेवर होती. काट्यात दोष असेल, पुन्हा तपासावा, असं क्षणभर वाटलं. काटा बरोबर होता.
ती स्वतःला पंचावन्न म्हणवून घ्यायची. हा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने वाचतो, म्हणजे पंचावन्नही असू शकेल. हे ऐकून ती खूश झाली असती.
परत येताना डेपोतून बाहेर पडणाऱ्या रिकाम्या ट्रकच्या मागे आलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार
जावयाचा फोन. काटेवाल्याचा भाऊ त्याच्या ऑफिसात आहे. जावई हसत नव्हता, उलट फार काळजीने बोलत होता, त्यामुळे जास्त राग आला. सांगितलं, जुन्या कार्यक्षेत्राला भेट दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
आज थोडी तांत्रिक अडचण आली.
हायवेवर चांगला चाललो होतो. मधल्या लेनमध्ये. आता पुढे चौक येणार, डावीकडे सरकायला हवं. मी विचारलं नाही. म्हणजे तोंडाने विचारलं नाही. पण थांबलो, नेहमी जितकं थांबतो तितकं. डावीकडून काही आवाज आला नाही. म्हणजे मोकळं, असं समजून वळलो.
तिथे ट्रक होता.
हॉर्न, ब्रेक, टायर घासल्याचा वास. माझ्या डावीकडच्या दाराच्या काचेत नुसतं एक चाक दिसत होतं, काच भरून. त्या बाजूच्या सीटवर कोणी बसलेलं असतं तर... पण कोणी नव्हतं. म्हणजे धोका तसा कमी होता.
ट्रक ड्रायव्हर उतरून आला. शिव्या देईल म्हणून मी काच वर केली. तो माझ्या वयाचाच. मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. म्हणाला, काका, मी अख्खा एवढा मोठा, दिसलो नाही तुम्हाला? मग वाकून डावीकडचा आरसा बघितला. म्हणाला, हा तर जमीन बघतोय. आणि सरळ करायला हात घातला.
मी ओरडलो, हात लावू नका. एवढ्या मोठ्याने मी ऑफिसातही कधी बोललो नाही.
तो थांबला. विचारलं, गाडी कोण चालवायचं? मी सांगितलं. त्याने आरशावरून हात काढून घेतला. काढताना तो हलणार नाही, अशा बेताने काढला. मग म्हणाला, आमच्याकडेही क्लीनर नसला की डावी बाजू आंधळीच होते. आज माझाही क्लीनर नाही.
त्याने रस्त्यात उभं राहून मागची वाहनं अडवली आणि मला गाडी वळवू दिली. हात करून मार्ग दाखवत होता. मी बरोबर वळवली.
एक गोष्ट सिद्ध झाली. डाव्या बाजूला बघणारा माणूस लागतोच, हे ट्रकवालेही मानतात. म्हणजे माझं काम किती जबाबदारीचं होतं! ती उगाच विचारत नव्हती.

१५ फेब्रुवारी, रविवार
आराम. गुडघ्यांवर स्टिअरिंगचे वळ आहेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार
निर्णय घेतला. आरसा हलवायचा. फक्त डावीकडचा. उजवीकडचा आणि मधला तसेच ठेवायचे. सीटही तशीच. नुसता अंगठ्याने आरसा थोडा वर. एका मिनिटाचं काम, भावनेचा काही प्रश्न नाही.
खाली गेलो. फडकं नेलं होतं, आधी पुसून घेतला. न हलवता पुसणं कौशल्याचं काम आहे. कडेला तिच्या बोटाचा ठसा असेल असं वाटलं होतं, पण तो कबुतराने केलेला डाग निघाला. तरी तेवढा भाग पुसायचा राहू दिला.
मग अंगठा लावला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कचरा टाकायला खाली आले आणि म्हणाले, काय, विकताय वाटतं? त्यांच्याशी बोलण्यात वेळ गेला. ते वर गेल्यावरही मी तिथेच होतो. मग दिवस मावळला आणि नीट दिसेना.
उद्या.

२२ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे येण्याची शक्यता होती. आले नाहीत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
मुलीला फोन केला. म्हटलं, क्लच घसरतोय. हायवेवर ट्रकांच्या मध्ये बंद पडली तर इतरांना त्रास. जबाबदार चालक अशी गाडी रस्त्यावर आणत नाही. ती म्हणाली, हो बाबा. मी म्हटलं, क्लच नीट झाला की लगेच. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मनात आणलं तर आत्ता निघून येईन. ती म्हणाली, माहीत आहे बाबा. रविवारी मी येते बसने. तुम्ही गाडी काढू नका.
एवढं लगेच ऐकेल असं वाटलं नव्हतं. थोडा वाद घालायची माझी तयारी होती.

१ मार्च, रविवार
मुलगी सकाळच्या बसने आली. एकटीच. चहा घेतला. चावी मागितली. मी दिली.
मी डावीकडे बसलो. सीट मागे सरकवल्याचा ‘खट्’ आवाज येईल म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो. आवाज आला नाही. वळून पाहिलं तर ती बसली होती. उशीवर. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. काही सरकवलं नव्हतं. म्हणाली, अगदी माझ्या मापाचं आहे की.
तिची उंची आईएवढी आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. दोघी दारात उभ्या राहिल्या की डोकी एका रेषेत यायची. लहानपणापासून बघतोय तिला, पण उंचीचा हा उपयोग सुचला नव्हता.
तिने मधल्या आरशात पाहिलं, उजवीकडच्या आरशात पाहिलं, डावीकडच्या. मागून फरशांचा ट्रक गल्लीत शिरत होता. म्हणाली, बाबा, किती छान दिसतंय इथून. अख्खा ट्रक. नंबरसुद्धा वाचता येतोय. मग आई तुम्हाला कशाला...
वाक्य तिथेच सोडून तिने चावी फिरवली.
मी म्हटलं, आरसा नंतर हलला असेल. ती म्हणाली, हो, असेल. क्लचबद्दल तिने काही विचारलं नाही.
पण आरसा हलला नाही. हे मला माहीत आहे. ऑक्टोबरपासून मीच तो कुणाला हलवू दिलेला नाही.
हायवेवर मुलगी चांगली चालवते. ट्रकला ओलांडताना रेंगाळत नाही. ओलांडल्यावरही ट्रकचं सगळं तोंड मधल्या आरशात येईपर्यंत त्याच्या पुढ्यात शिरत नाही. हे तिला कोणी शिकवलं ते विचारलं नाही. मी काच खाली करून बसलो होतो, पण मान बाहेर काढली नाही. कारण नव्हतं.
चौक जवळ आला. तिने डावीकडचा इंडिकेटर दिला. आरशात बघितलं. तिने बघितलं, हे मी बघितलं. मग समोर नजर ठेवून तिने विचारलं, बाबा, डावीकडे मोकळं?
मी मान बाहेर काढली. वारा होता, डोळ्यांत पाणी येतं.
मामंजी आहेत, म्हटलं. थांब.
ती थांबली. ट्रक निघून गेला.
आता? तिने विचारलं.
आता मोकळं.
जेवण चांगलं होतं. गाडी त्यांच्याकडेच राहील. ठरल्याप्रमाणे. जावई गाडी मागे घ्यायला निघाला तेव्हा मुलगी त्याला हळूच काहीतरी म्हणाली आणि तो सीटवर न बसता नुसता बाजूला उभा राहिला. तिनेच गाडी लावली.

२ मार्च, सोमवार
बसने परत आलो. मुलगी म्हणत होती चार दिवस राहा. मी म्हटलं, कामं आहेत. बस उलट सोयीची. पार्किंगची कटकट नाही, उंदरांची नाही. हा निर्णय मी आधीच घ्यायला हवा होता.
डावीकडची खिडकी मिळाली. हायवेवर एका ठिकाणी बस कडेला सरकू लागली. बाजूलाच मोठा ट्रक होता, सिमेंटचा.
मामंजी आहेत, थांब, म्हटलं.
शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण आहेत? मी म्हटलं, कोणी नाही.
ड्रायव्हर पार पुढे बसला होता. मध्ये सगळी बस भरलेली. पण त्याने थांबून ट्रकला जाऊ दिलं.
ऐकू गेलं असावं.